थोरला, धाकटा आणि सामाईक विहीर

आप्पांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स आमच्या फाट्यावर लागला तेव्हा त्यावर बारा माणसांचे फोटो होते. त्यातलं गेलेलं माणूस एकच, आणि सगळ्यात लहान फोटो त्याचाच. बाकीचे अकरा जण मोबाईल कानाला लावून हसत होते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘संगणकतज्ज्ञ व थोर समाजसेवक’. मी गाडी थांबवून ते दोनदा वाचलं आणि डोकं सणकलं.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. रस्ता, रेशन, नळाचं पाणी, बंद पडलेली एसटीची फेरी, सगळ्यांवर लिहिते. गुळमुळीत लिहिता येत नाही, म्हणून सरळ सांगते. आप्पा तज्ज्ञ नव्हते. समाजसेवक तर मुळीच नव्हते. कुणी तसं म्हटलं तर ते दाराकडं बघून विचारायचे, ‘‘कुठं हाय?’’ ते होते रिटायर झालेले मोजणीदार. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली आणि म्हातारपण संगणकाच्या डिस्का मोजण्यात. दुसरं काम त्यांनी पहिल्यासारखंच केलं, यातच सगळी गंमत आहे.

आमचं गाव लोहारा तालुक्यातलं, माकणीच्या धरणाच्या अलीकडं. आप्पांचं खरं नाव शिवलिंग, पण गाव त्यांना मोजणीआप्पा म्हणायचं. उंच, हडकुळे, कानावर एक पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. चालताना ओठ हलायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा नामस्मरण करतोय. म्हातारा पावलं मोजत असायचा. कुणाच्याही घरात शिरले की आधी खोली सांगायचे, ‘‘अकरा बाय चौदा,’’ मग चहाला हो म्हणायचे. लग्नात मांडव गुंठ्यांत सांगायचे, आणि वधूपिता मांडववाल्याशी भांडायला निघून जायचा.

‘‘आमचं खातं लई पुण्याचं,’’ ते म्हणायचे. ‘‘भावाभावांत भांडण लागलं की म्या जायचं, मोजायचं, हद्द कायम करायची. मोजणी करून निघालो की दोघं भाऊ मिळून मला शिव्या द्यायचे. तेवढ्यापुरती तर एकी व्हायची त्यांची.’’

ते रिटायर झाले त्याच सुमाराला तालुक्याच्या एका कॉलेजानं नवे संगणक घेतले आणि जुने सहा आमच्या वाचनालयाला देऊन टाकले. वाचनालयानं ते मागच्या खोलीत ठेवून वर चादरी टाकल्या. ग्रंथपाल सुरेखाताई त्यांना हात लावायला भ्यायच्या. आप्पा रोज पेपर वाचायला यायचे, तेही उभ्यानं, दारात. सभासद नव्हते. का नव्हते ते पुढं सांगते. एक दिवस त्यांनी एक चादर उचलली आणि विचारलं, ‘‘ह्याचं क्षेत्र किती?’’

क्षेत्र म्हणजे डिस्क. ती निघाली ऐंशी जीबीची. आप्पांनी मनातल्या मनात गणित केलं. एक जीबी म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ‘‘दोन एकर!’’ ते म्हणाले. ‘‘अन् वर नुसती चादर? पडीक ठेवलंय व्हय?’’

त्या दिवसापासून ती खोली त्यांची झाली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घोळ केला, आणि तो घोळ फक्त मोजणीदारच करू शकतो. पुण्याच्या लेकानं फोनवर शिकवलं होतं, डिस्कचे वाटे कसे दिसतात ते. आप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. एक मोठा वाटा, त्यात विंडोज. आणि त्याच्या अगोदर, अगदी सुरुवातीला, एक चिमटीएवढी पट्टी. तिला नाव नाही, अक्षर नाही, आत फाईल दिसत नाही. आता मोजणीदाराला बेवारस पट्टी दिसली की त्याचा हात शिवशिवतो. आयुष्यभर त्यांनी बघितलं होतं, सगळे खून, कोर्टाच्या सगळ्या तारखा अशाच पट्टीवरून पडतात.

‘‘ही कुणाची?’’ त्यांनी सुरेखाताईंना विचारलं.

‘‘मला काय माहीत आप्पा?’’

‘‘मालक न्हाय, कब्जेदार न्हाय. मोडून टाकू.’’

मोडली. दुसऱ्या दिवशी संगणक उठेना. त्या चिमटीएवढ्या पट्टीतच त्याला उठवण्याची सगळी सोय असते, हे आप्पांना लेकानं तेव्हा सांगितलं. आप्पांच्या धीरानं ताईंनी त्याच आठवड्यात टाइप केलेली सभासदांची अख्खी यादी आत अडकली. सुरेखाताईंनी डोळ्याला पदर लावला. आप्पा तीन दिवस पेपर वाचायला आले नाहीत.

चौथ्या दिवशी लेकानं पाठवलेला पेनड्राईव्ह घेऊन आले. त्यात दुसरी प्रणाली होती, लिनक्स. ती पेनड्राईव्हवरूनच सुरू झाली आणि डिस्कमधलं सगळं सामान जसंच्या तसं दिसलं. यादी, पावत्या, वाचनालयाच्या वर्धापनदिनाचे फोटोसुद्धा. आप्पा खुर्चीत मागं रेलले. ‘‘थोरल्यानं दार लावून घेतलं हुतं,’’ ते म्हणाले, ‘‘धाकट्यानं खिडकीतनं सामान काढून दिलं.’’

तेव्हापासून विंडोज म्हणजे थोरला आणि लिनक्स म्हणजे धाकटा. सहाही संगणकांत त्यांनी दोघांना नांदवलं. क्रम ठरलेला, थोरल्याला आधी बसवायचं, धाकट्याला मागनं. उलटं केलं की थोरला येऊन धाकट्याची पाटी पुसतो आणि घरात मीच एकटा असं सांगतो. वाटणी आधी चौकटीच्या कागदावर व्हायची. थोरल्याला चाळीस गुंठे, कारण तो पसरून बसतो. धाकट्याला पंचवीस. उरलेले पंधरा गुंठे दोघांत सामाईक, त्याचं नाव विहीर. सगळ्यांच्या फाईली विहिरीत. थोरल्यातून या की धाकट्यातून या, पाणी तेच. लाल पेन्सिलीनं थोरल्याची हद्द, निळीनं धाकट्याची, आणि विहिरीभोवती दोन्ही रंग.

संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर दोनच ओळी यायच्या, ‘थोरला’ आणि ‘धाकटा’. बाण हलवून निवडायचं. निवडायला दहा सेकंद मिळतात. आप्पांनी तीस केले. ‘‘आपल्या गावात माणूस खुर्ची पुसून बसायलाच वीस लावतो,’’ ते म्हणाले.

गावातले लोक आपापले संगणक घेऊन येऊ लागले. आप्पा फुकट करून द्यायचे, पण रीतसर. आधी लेखी अर्ज. मग लगतच्या कब्जेदारांना नोटीस, म्हणजे घरातल्या बाकीच्यांना विचारलं का? मग पंचनामा, दोन साक्षीदार, आणि खाली मालकाची सही, ‘माझ्या सर्व फाईलींची नक्कल मी दुसरीकडं ठेवली आहे. ठेवली नसल्यास माझी तक्रार नाही.’ एका मास्तरांनी चिडून विचारलं, ‘‘आप्पा, माझ्याच संगणकाला बायकोची संमती कशाला?’’

‘‘तिचे फोटो हायत का आत?’’

‘‘आहेत.’’

‘‘मग ती लगतधारक. बोलवा.’’

बाई आल्या. आणि त्यांना कळलं की मास्तर सगळं पुसून नव्यानं टाकायला निघाले होते. पोरीच्या बारशाचे फोटो त्यामुळं वाचले, आणि मास्तरांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

माझी गाठ पडली ती पत्रकामुळं. मी पेनड्राईव्ह घेऊन गेले, छापायचं होतं. आप्पांनी फाईल उघडली, वाचली आणि कानावरची पेन्सिल काढून पडद्यावर टेकवली.

‘‘हे काय गं?’’

‘‘उद्गारचिन्ह.’’

‘‘सतरा हायत. एवढे खुंट ठोकलेस, जनावरं किती बांधायचीत?’’

मी म्हणाले, ‘‘आप्पा, लोक झोपलेत. ओरडल्याशिवाय उठत नाहीत.’’

‘‘ओरडणाऱ्याला लोक उठून बघत्यात, अन् परत झोपत्यात.’’ त्यांनी सोळा खुंट उपटले. माझी विशेषणं बघून म्हणाले, ‘‘हे ‘नालायक’ कुणाच्या हद्दीत येतंय? ग्रामसेवकाच्या का सरपंचाच्या? नक्की कर. दोघांच्या मधी टाकलंस तर दोघं बी म्हणतील दुसऱ्याचं हाय.’’

मला राग आला आणि पत्रक चांगलं झालं. दोन्ही खरं आहे. त्या दिवसापासून मी आत शिरले की ते म्हणायचे, ‘‘ये पत्रक. आज कुणाला गाडायचंय?’’

एकदा मी त्यांच्याशीच भांडले. मी लिनक्सच्या बाजूनं लेख वगैरे वाचून आले होते आणि पेटले होते. म्हणाले, धाकटा फुकट आहे, मोकळा आहे, त्याच्या आत काय आहे ते कुणीही बघू शकतं. मग थोरल्याला ठेवायचंच कशाला? हाकलून द्या! आप्पांनी ऐकून घेतलं. कोपऱ्यात चार पोरी टायपिंगचा सराव करत होत्या. त्यांचा सरावाचा प्रोग्राम थोरल्यातच चालायचा.

‘‘त्यांना सांग जा,’’ आप्पा म्हणाले. ‘‘म्हणावं, तुमचा सराव बंद, ह्या बाईला तत्त्व सुचलंय.’’

मी गेले नाही.

‘‘म्या कुणाला हाकलत न्हाय,’’ ते पेन्सिलीचं टोक काढत म्हणाले. ‘‘लई हाकललेले बघितले. हद्द घालतो, दोघांना जागा देतो. तुझं आवडतं लेकरू धाकटा असंल तर त्यात बस. थोरल्याचं नाव काढू नको.’’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘अन् ती बारकी पट्टी हाय ना, पहिल्या आठवड्यात मोडलेली. असली पट्टी म्या आधी बी एकदा मोडली हुती.’’

मी विचारलं, कुठं? ते पावलं मोजत बाहेर गेले.

कुठं ते गावाला माहीत होतं. आप्पांना एक धाकटा भाऊ, मल्लिनाथ. दोघांच्या रानांच्या मध्ये एक अरुंद पट्टी, तिच्यात चिंचेचं झाड. पट्टी कुणाच्याच नावावर नव्हती. आजोबांच्या वेळेपासून त्यातून दोन्हीकडची माणसं विहिरीवर जायची. वाटणीच्या वेळी आप्पांनी स्वतः साखळी धरून मोजलं आणि पट्टी स्वतःच्या बाजूला आली. त्यांनी दगड रोवला. हिशोबात कुठंही खोट नव्हती, असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. पण मोजणारा तोच, मिळवणारा तोच, म्हटल्यावर गाव हसलं आणि मल्लिनाथनं बोलणं टाकलं. अकरा वर्षं. आणि हे मल्लिनाथराव म्हणजे आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. अध्यक्षाच्या सहीनं सभासद व्हायचं नाही, म्हणून आप्पा उभ्यानं पेपर वाचायचे.

दोघं एका खोलीत असले की बघण्यासारखं असायचं. एकमेकांकडं न बघता मधल्या माणसाला सांगायचे.

‘‘सुरेखाताई, त्यांना सांगा पंख्याचं बटण बंद करा म्हणावं.’’

‘‘ताई, अध्यक्षांना सांगा, पंखा गावाचा हाय.’’

पंखा फिरत राहायचा, ताई दोन्हीकडं मान हलवत राहायच्या.

त्यात संगणकावरची ती दोन नावं. मल्लिनाथरावांना वाटायचं, ‘धाकटा’ हा आपल्यालाच टोमणा आहे. कुणी मोठ्यानं म्हटलं, ‘‘धाकटा लवकर उठतो, पण काही कामाला थोरलाच लागतो,’’ की ते पेपर आपटून उठायचे. आप्पांना हे ठाऊक होतं का? होतं. नावं बदलली का? नाही.

मग एका बैठकीत अध्यक्षांनी ठराव मांडला. सहा संगणक जुने झालेत, भंगारात द्यावेत, खोली मोकळी करावी, तिथं मान्यवरांच्या सत्काराचे फोटो लावावेत. माझं पित्त खवळलं. आप्पा दारात उभे होते. पहिल्यांदाच त्यांचे ओठ हलत नव्हते. शेवटी अध्यक्ष सुरेखाताईंकडं बघून म्हणाले, ‘‘त्यांना सांगा, पुढल्या सोमवारी वाचनालयाची तपासणी हाय. साहेबांसमोर यंत्र चाललं, सभासदांची नोंद त्यावर झाली, तर ठेवू. न्हाय तर त्याच दिवशी भंगारवाला.’’

बाहेर आल्यावर आप्पा पायरीवर बसले. ‘‘ही खोली गेली तर म्या दिवसभर कुठं बसू गं?’’ ते म्हणाले. ‘‘घरात सून म्हणती, आप्पा, सैपाकघर मोजू नका. रानात बसावं तर सावली त्या एकाच झाडाची.’’

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं, ‘भंगार कोण?’ नऊ उद्गारचिन्हं. आप्पांनी ते घडी करून खिशात घातलं. ‘‘सोमवार होऊ दे,’’ म्हणाले.

आठवडाभर त्यांनी सहाही संगणक पुसले, पंख्यातली धूळ काढली. भिंतीवर लाल अक्षरांत जुनी पाटी होती, ती नव्यानं रंगवली: ‘कुणालाही झोपवू नका. नीट बंद करा.’ नवीन माणूस ती वाचून दचकायचा. आप्पा समजावायचे. संगणक नीट बंद केला, तर थोरला मोटार बंद करून, किल्ली ठेवून घरी जातो आणि धाकट्याला विहीर मोकळी. पण त्याला अर्ध्या कामात झोपवून ठेवलं, तर तो मोटार चालू ठेवून डुलकी काढतो. मग धाकट्याला विहीर दिसते, पाणी दिसतं, पण हात घालता येत नाही. घातलाच तर दोघांचंही बिघडतं.

सोमवार आला. तपासणीचे साहेब सकाळी अकराला आले, बारीक चणीचे, कमी बोलणारे. चहा झाला. आप्पांनी एक नंबरचा संगणक लावला, धाकटा निवडला, कारण तो चटकन उठतो. विहिरीतली सभासदांची यादी उघडली. साहेब खूश दिसले.

‘‘एक नवीन नोंद करून दाखवा,’’ ते म्हणाले.

आप्पांनी ओळ लिहिली, जतन करायला गेले. झालं नाही. परत केलं. पडद्यावर तेच, फाईल फक्त वाचता येईल. आप्पांनी तिसऱ्यांदा करून पाहिलं. मग ते ताठ झाले.

‘‘सुरेखाताई, काल हितं कोण बसलं हुतं?’’

ताईंनी अध्यक्षांकडं बघितलं नाही, म्हणजे सगळं कळलं. अध्यक्ष काल संध्याकाळी आपलं स्वागताचं भाषण टाइप करत बसले होते. अर्धं झालं, जेवायची वेळ झाली, उद्या इथूनच पुढं धरू म्हणून भाषण उघडंच ठेवून थोरल्याला झोपवून गेले. समोर भिंतीवर पाटी होती. तिच्यावर त्यांनी टोपी अडकवली होती.

मी आप्पांच्या कानाशी लागले. असं अडकलं की काय करायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते. धाकट्यातून एक आज्ञा दिली की थोरल्याची झोप पुसता येते. विहीर मोकळी होते. फक्त त्याच्या डोक्यात जे न जपलेलं असतं ते जातं.

‘‘उडवा,’’ मी म्हणाले. ‘‘भाषणच जाईल ना? गावावर उपकार होतील.’’

आप्पांचा हात कळांवर गेला. खरंच गेला, मी बघितलं. एक बोट दाबलं असतं तर खोली वाचली असती आणि अकरा वर्षांचं उट्टंही निघालं असतं. हात तसाच थांबला.

‘‘अर्ध्यात हाय ते त्याचं,’’ आप्पा म्हणाले. ‘‘लगतधारकाला नोटीस दिल्याबिगर म्या कधी मोडत न्हाय. एकदाच मोडलं.’’

त्यांनी संगणक पुन्हा चालू करून थोरला निवडला. थोरला जागा झाला आणि अध्यक्षांच्या खात्याचा पासवर्ड मागायला लागला. आप्पा उठून बाजूला झाले. ‘‘अध्यक्षांना सांग पोरी, पासवर्ड टाका म्हणावं. भाषण जपून ठेवा, मग पुढं बघू.’’

मी सांगितलं. मल्लिनाथरावांचा चेहरा पडला.

‘‘आत्ताच?’’ ते म्हणाले.

‘‘साहेब बसलेत,’’ मी म्हणाले.

आता मल्लिनाथरावांची एक सवय सांगायची राहिली. ते एका बोटानं टाइप करतात आणि प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणतात. म्हटल्याशिवाय त्यांना ते कळांवर सापडतच नाही. ते खुर्चीत बसले. ओठ घट्ट मिटून बोट फिरवलं. चुकलं. पुन्हा ओठ मिटून. पुन्हा चुकलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मल्लिनाथरावांनी टोपी काढली, परत घातली, आणि अगदी बारीक आवाजात सुरू केलं.

‘‘ए... पी... पी... ए...’’

साहेबांनी घड्याळावरून नजर उचलली.

‘‘सी... एच...’’ इथं ते थांबले. कान लाल झाले होते. ‘‘ओ... आर.’’

थोरला उघडला.

आप्पा चोर. कोपऱ्यातल्या टायपिंगवाल्या पोरींना सगळ्यात आधी कळलं. त्यांनी ओढण्या तोंडात कोंबल्या. सुरेखाताई उगाच रजिस्टर उचलून उलटं धरून वाचू लागल्या. मला वाटलं, आता संपलं, आता आप्पा पावलं मोजत निघून जाणार.

आप्पा पुढं वाकले, चष्मा वर केला, आणि अकरा वर्षांनी, मधे कुणाला न घालता म्हणाले, ‘‘मल्ल्या, नुसता चोर? शेवटी एक खुंट तरी ठोकायचास. ह्या पोरीकडनं मागून घ्यायचास, लई हायत तिच्याकडं.’’

मल्लिनाथरावांनी वर बघितलं. त्यांचं तोंड हसावं की रडावं अशा मधल्या पट्टीत अडकलं होतं. ‘‘दादा,’’ ते म्हणाले, ‘‘ते... भाषण जपायचं कसं?’’

‘‘बाजूला सरक.’’

भाषण जपलं. मग आप्पांनी यादी उघडली. साहेब म्हणाले, ‘‘हं, आता नोंद. कुणाची करताय? खरा सभासद घ्या, उगाच नाव नको.’’

सुरेखाताई खोकल्या. ‘‘साहेब, ही खोली जे चालवतात, ते आप्पाच सभासद नाहीत.’’

‘‘सभासद नसलेला माणूस खोली चालवतो?’’

 मल्लिनाथरावांनी कळफलक स्वतःकडं ओढला. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत त्यांनी नाव टाइप केलं, आडनावासकट. ते आडनाव त्यांचंही होतं. पत्त्याच्या रकान्याशी थांबून त्यांनी विचारलं, ‘‘पत्ता?’’

‘‘तुला ठावं न्हाय व्हय? शेजारीच की.’’

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, चहाबद्दल आभार मानले आणि गेले. भंगारवाला दुपारी आला. त्याला टायपिंगच्या पोरींनी फाटकातूनच परत पाठवलं. माझं पत्रक आप्पांनी खिशातून काढून मला दिलं. ‘‘ठेव. दुसऱ्या कुणाला तरी लागू पडंल. नाव बदल फक्त.’’

भाऊ एक झाले, गळ्यात पडले, असलं काही झालं नाही. मी खोटं लिहिणार नाही. आप्पा आता बाकावर बसून पेपर वाचू लागले, एवढं झालं. अध्यक्षांनी पासवर्ड बदलला; नवा काय आहे ते कळू नये म्हणून टाइप करताना ते सगळ्यांना बाहेर काढायचे. सहा संगणकांवरची नावं थोरला, धाकटा, तशीच राहिली.

मी आप्पांना शेवटचं बघितलं ते त्याच उन्हाळ्यात, लोहाऱ्याहून येताना. रस्त्याच्या कडेला त्यांचं रान. चिंचेखाली माती उकरलेली होती आणि हद्दीचा दगड उपटून आडवा पडला होता. त्या दगडावर दोघं भाऊ बसले होते, एकमेकांकडं पाठ करून, घामानं निथळत. टिकाव बाजूला. दोघांच्या हातात पिकल्या चिंचा. पुढं पावसाळ्यात आप्पा झोपेतच गेले. पण त्या दिवशी ते काही जाणाऱ्या माणसासारखे दिसत नव्हते. ते चिंच दातानं सोलत होते आणि चिंचोके मोजत होते.

मी गाडी थांबवली. ‘‘आप्पा, मोजणी की मोडणी?’’

मल्लिनाथरावांनी मान न वळवता मला सांगितलं, ‘‘त्यांना म्हणावं, जरा सरका. अर्ध्याच्या वर दगड त्यांनी धरलाय.’’

आप्पांनीही मान वळवली नाही. ‘‘अध्यक्षांना सांग गं पत्रक,’’ ते म्हणाले, ‘‘दगड म्या आणला हुता, अन् रोवला बी म्याच. चिंच पायजे असंल तर गप बसा.’’

मी कुणालाच काही सांगितलं नाही. गाडी सुरू केली. आरशात बघितलं तर आप्पा बसल्या जागी वीतभर सरकत होते, आणि सरकताना त्यांचे ओठ हलत होते.